कोणत्या दराने विमानाची किती आसने विकली, तेवढे सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांच्या भाड्याबद्दल आपल्या पत्रांच्या सदरात सध्या बरेच लिहून येत आहे. 'सकाळी पाच हजार दाखवले, संध्याकाळी नऊ हजार झाले, ही सरळ लूट आहे,' असा बहुतेकांचा सूर आहे. सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे सरकारने भाड्यावर मर्यादा घालावी, अशीही मागणी होत आहे. मी नाशिक रोडला तिकीट बुकिंगचे काम करते. मागे लाल कार्बन असलेली तिकिटे हाताने लिहायची, तेव्हापासून या धंद्यात आहे. जून २००८ मध्ये कागदी तिकिटे बंद झाली, कंपन्यांनी एजंटांचे कमिशनही त्याच सुमारास काढून घेतले. आता मी तिकिटामागे ठरलेले सेवाशुल्क घेते. भाडे चढले काय नि उतरले काय, माझ्या हाती तेवढेच पडते. म्हणून या विषयावर थोडे मोकळेपणाने लिहिते.

आधी माझ्या स्क्रीनवर काय दिसते ते सांगते. ग्राहकाला मोबाइलवर एकच आकडा दिसतो. मला अक्षरांची एक ओळ दिसते: वाय ९, बी ९, एम ७, एच २, के ०, एल ०. विमानातली आसने सगळी सारखीच, खुर्चीही तीच आणि पाणीही तेच. पण विक्रीसाठी कंपनीने त्यांचे दहा-बारा गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक अक्षर असते. एल सर्वांत स्वस्त, के त्याच्या वर, असे करत वाय सर्वांत महाग (अक्षरांचा क्रम कंपनीगणिक बदलतो). अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्या भावात उरलेली आसने. ९ याचा अर्थ नऊ किंवा त्याहून जास्त, त्यापुढचे आम्हालाही दाखवत नाहीत. वरच्या ओळीत के आणि एल संपले आहेत, म्हणजे आता येणाऱ्याला एचपासून पुढे मोजावे लागणार. भाडे 'वाढले' म्हणजे बहुतेक वेळा एवढेच झालेले असते, की खालची पायरी विकली गेली.

यातून एक गोष्ट निघते, ती घरोघरी कळायला हवी. पाच जणांचे कुटुंब आहे आणि एचमध्ये दोनच आसने उरली आहेत. तुम्ही एकदम पाच तिकिटे मागितलीत, तर दोन एचमध्ये आणि तीन एममध्ये अशी फोड यंत्रणा आपण होऊन करत नाही. पाचही जणांना एमचाच भाव लावते. म्हणून आधी दोघांचे तिकीट पाहावे, मग तिघांचे. पीएनआर दोन होतील, पण पैसे वाचतील. 'तेच तेच शोधत राहिलं की कंपनीला कळतं आणि ती भाव वाढवते,' असे मला रोज कोणी ना कोणी सांगते. मी त्यांना म्हणते, तुम्ही शोधत होता तेव्हा दुसऱ्या कुणी तरी घेऊन टाकले. रात्री बारानंतर भाव बदललेला दिसतो, त्यामागेही साधे कारण असते. काही भाड्यांना प्रवासाच्या सात, चौदा किंवा एकवीस दिवस आधी तिकीट काढण्याची अट असते. तारीख उलटली की ती अट मोडते आणि तो गटच बंद होतो.

ही पद्धत अमेरिकेतून आली. तिथे १९७८ मध्ये सरकारने भाडी ठरवणे सोडले आणि १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी संगणकावर हा हिशेब बसवला. आपल्याकडे मार्च १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि भाडे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे गेला. सहलीला जाणारा माणूस दोन महिने आधी ठरवतो. त्याला महाग वाटले तर तो जातच नाही. ज्याला उद्या कोर्टात हजर व्हायचे आहे, मुलाखत आहे, घरात आजारपण आहे, त्याला पर्याय नसतो. पहिल्याला स्वस्त देऊन विमान भरायचे आणि दुसऱ्याकडून वसूल करायचे, असे हे गणित आहे. दार बंद झाले की रिकाम्या खुर्चीचे काहीच मिळत नाही, म्हणून कंपनी सुरुवातीला तोट्यातही विकते.

तोट्यात विकते, असे मी का म्हणते, त्याचा ढोबळ हिशेब मांडते. ओझर ते दिल्ली हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. १८० आसनांचे नवे ए-३२० विमान एवढ्या प्रवासात साधारण तीन-सव्वातीन टन इंधन जाळते, म्हणजे ४,००० लिटर. विमानाच्या इंधनाचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. लिटरला ९० रुपये धरले तर ३ लाख ६० हजार झाले. विमान पूर्ण भरले तर माणशी २,००० रुपये, १२० जण असतील तर माणशी ३,०००, आणि हे नुसते इंधनाचे. आपल्या देशात कंपन्यांच्या एकूण खर्चात इंधन ३० ते ४० टक्के असते. कंपनीने भाडेपट्ट्याने घेतलेल्या विमानाचे भाडे आणि देखभालीचा मोठा भाग डॉलरमध्ये जातो, त्यामुळे रुपया घसरला की तोही वाढतो. वैमानिक, कर्मचारी, विमानतळाचे शुल्क वेगळेच. सगळे धरून भरलेल्या विमानातही दिल्लीच्या एका खुर्चीचा खर्च पाच-सहा हजारांच्या घरात जातो. मग साडेतीन हजारांचे तिकीट कुठून येते? ते नऊ हजारवाल्याच्या खिशातून येते. दोघेही शेजारी शेजारी बसलेले असतात.

कंपन्या गब्बर होतात म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा २०२५ चा अंदाज होता, की जगभरात एका प्रवाशामागे निव्वळ नफा सात डॉलरच्या आसपास राहील. आपल्याकडे किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. कारणे वेगवेगळी होती, पण त्यांची तिकिटे हातात धरून माझ्या काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे सारखेच होते.

तिकिटात सरकारचा हिस्सा किती, हेही पाहिले पाहिजे. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे. देशांतर्गत प्रवासाला सुरक्षा शुल्क २०० रुपये. विमानतळाचे वापर शुल्क दर विमानतळाला वेगळे. इंधन मात्र जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचा उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तरी १८ टक्के काही थोडे नव्हेत. लोक कंपनीला शिव्या देतात तेव्हा हा भाग कुणाच्या ध्यानात येत नाही.

याच शुल्कांबद्दल एक कामाची गोष्ट. तुमचे विमान चुकले किंवा 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केले, तरी त्यातले विमानतळ शुल्क, सुरक्षा शुल्क आणि कर परत मिळालेच पाहिजेत, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त रद्दशुल्क कापता येत नाही. बहुतेक माणसे 'गेले पैसे' म्हणून सोडून देतात. चार जणांचे मिळून ते हजारांत जातात. मागावे लागतात, अर्ज भरावा लागतो, पण मिळतात.

आता ओझरचे. मुंबईहून दिल्लीला दिवसभरात कितीतरी विमाने आहेत आणि कंपन्याही अनेक. ओझरहून एखाद्या शहराला दिवसातून एखादेच विमान असते आणि त्या मार्गावर दुसरी कंपनी नसते. खालच्या पायऱ्या भरल्या की शेजारी पाहायला कुणीच नाही. ओझरच्या भाड्याचे खरे दुखणे हे आहे. ते काही आजचे नाही. २०१४ मध्ये ओझरला प्रवासी टर्मिनल उभे राहिले आणि विमानांची वाट पाहत बसले. डिसेंबर २०१७ मध्ये लहान शहरांसाठीच्या सरकारी 'उडान' योजनेखाली १९ आसनांच्या विमानांनी मुंबई आणि पुण्याची सेवा सुरू झाली, ती धड चाललीच नाही. जून २०१८ मध्ये जेटचे दिल्लीचे विमान आले. एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. नंतर आणखी काही आल्या नि गेल्या. मार्च २०२३ पासून मात्र बऱ्यापैकी सलग सेवा मिळते आहे.

हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे नाही. उडान योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा, म्हणजे 'कॅग'चा २०२३ चा अहवाल पाहा. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतरही टिकले ते अवघे ५४. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, ही घोषणा ऐकायला फार गोड होती. सरकारचे अनुदान होते तोवर विमान होते, अनुदान संपले आणि विमान गेले. म्हणून ओझरच्या भाड्यावर बाराही महिने मर्यादा घाला, ही मागणी मला पटत नाही. उद्या कंपनीने ते विमान उचलून दुसऱ्या शहराला लावले, तर मुंबईचे विमान गाठायला आपण पुन्हा कसाऱ्याच्या घाटात.

मर्यादेचे दोन अनुभव आपण घेतले आहेत. २५ मे २०२० ला विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरकारने वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा ठरवून दिल्या. दिल्ली-मुंबईला ३,५०० ते १०,००० रुपये. त्यामुळे महाग तिकीट आटोक्यात राहिले, पण स्वस्तही नाहीसे झाले. ऑगस्ट २०२२ अखेर ते बंधन उठले. दुसरा अनुभव डिसेंबर २०२५ चा. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या विमानांचे भाडे वाटेल तसे वाढले. तेव्हा सरकारने ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपयांची मर्यादा घातली. ती योग्यच होती. माणसे अडकून पडली असताना बाजाराचा नियम सांगत बसायचे नसते. पण ती आणीबाणी होती, आणि असे उपाय आणीबाणीपुरतेच चालतात.

कोणाच्या बाजूने बोलते आहे मी, असे कुणाला वाटेल. म्हणून एक प्रसंग सांगते. गेल्या पावसाळ्यात जेल रोडचे एक गृहस्थ आले. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, पूर्वी दर दिवाळीला मुलीकडे बंगळुरूला जायचे ते माझ्याकडूनच तिकीट काढून. जावयाचा फोन आला होता, मुलीला अपघात झाला म्हणून. ओझरचे विमान निघून गेले होते. मुंबईच्या रात्रीच्या विमानात एका गटात दोन आसने होती, तीही वरून दुसऱ्या पायरीवर. मी आकडा सांगितला. त्यांनी वाद घातला नाही. खिशातून चष्मा काढून स्क्रीनकडे पाहिले आणि विचारले, "ताई, काल किती होतं?" मी सांगितले. जवळजवळ निम्मे होते. पुन्हा मुंबईपर्यंतची टॅक्सी, टोल, घाटातल्या कोंडीची धास्ती. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून इगतपुरीपुढे ठाणे जिल्ह्यापर्यंत खुला झाला म्हणून वेळेत पोहोचले तरी. जी माणसे सर्वांत अडचणीत असतात, त्यांच्याकडूनच ही पद्धत सर्वांत जास्त घेते. देवळाली कॅम्पच्या जवानांचेही तेच. रजा ऐन वेळी मंजूर होते आणि सैनिकांची सवलत धरूनही हातात येणारा आकडा मोठाच असतो. कॅनडात काही कंपन्या घरच्या माणसाच्या मृत्यूच्या वेळी वेगळे, सवलतीचे भाडे देतात, कागदपत्र मागून. विमानामागे चार आसने अशी राखून ठेवली, तर आपल्या कंपन्या बुडणार नाहीत. हे मी अगदी मनापासून लिहिते, कारण 'काल किती होतं?' याचे उत्तर द्यायची वेळ कंपनीच्या साहेबांवर येत नाही, माझ्यावर येते.

माझी खरी मागणी मात्र वेगळी आहे. भाडे बदलते, ते बदलू दे. ते कसे बदलते, हे आम्हाला दिसू दे. विमान नियमांतला नियम १३५ म्हणतो, की कंपनीने खर्च, सेवेचे स्वरूप आणि वाजवी नफा पाहून भाडे ठरवावे आणि ते जाहीर करावे. कंपन्या संकेतस्थळावर मार्गवार तक्ते टाकतात. त्यांत खालची आणि वरची पायरी असते. दोन्हींच्या मध्ये तिप्पट-चौपट अंतर. त्या तक्त्यावरून काय कळते? लासलगावच्या कांद्याचा भाव आपल्या अंकात रोज छापून येतो, त्यात किमान, कमाल, सर्वसाधारण भाव आणि आवक असे चारही आकडे असतात. नुसता किमान आणि कमाल छापला, तर एकही शेतकरी तो भाव वाचणार नाही. किमान भावाने दोन क्विंटल गेला की दोनशे ट्रॉल्या, यावरच सगळे अवलंबून असते. विमानाच्या तक्त्यात नेमके तेच नसते. '१,९९९ पासून पुढे' अशी जाहिरात येते, तेव्हा त्या भावात चार आसने होती की चाळीस, हे कुणाला कळत नाही.

धंद्याचे गुपित म्हणून हे सांगता येत नाही, असे कंपन्या म्हणतील. विक्री चालू असताना नका सांगू. विमान उडून गेल्यावर महिनाभराने सांगा, की अमुक तारखेच्या ओझर-दिल्ली विमानात या भावाने इतकी आसने गेली. त्यात गुपित काय उरते? आणि रेल्वेने तर विक्रीआधीच सांगितले आहे. राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडे आहे. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की दहा टक्के वाढ, मूळ भाड्याच्या १.४ पटीपर्यंत (सुरुवातीला दीडपटीपर्यंत होती). मला ती वाढ आवडते असे नाही, पण नाशिक रोडला खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला नियम माहीत असतो आणि कमाल किती लागेल तेही. १.४ पट म्हणजे १.४ पट. विमानात तो आकडा कुणालाच माहीत नसतो, म्हणून फसवल्यासारखे वाटते.

दुसरे, पहिल्या स्क्रीनवर पूर्ण रक्कम दाखवा. आसननिवड, सामान, 'कन्व्हिनियन्स फी' हे सगळे शेवटच्या पानावर येते, तोवर माणसाने सगळ्यांची नावे आणि जन्मतारखा भरलेल्या असतात. मग तो निमूट पैसे भरतो.

तिकिटावर कुठेच न येणारी एक किंमत राहिली. एक किलो विमानइंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दिल्लीच्या एका बाजूच्या प्रवासात दहा टन, विमान भरलेले असले तर माणशी पंचावन्न किलो. ज्या जिल्ह्यात द्राक्षाचे घड तयार व्हायला आणि अवकाळी पाऊस यायला एकच गाठ पडते, तिथे हा आकडा दुरून पाहून चालणार नाही. नाशिक रोडहून दिल्लीला राजधानी आहे, संध्याकाळी बसले की सकाळी पोहोचते. ज्यांना घाई नाही त्यांना मी आधी तीच सांगते, माझे शुल्क कमी होत असले तरी.

राहता राहिला सिंहस्थ. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नाने आहेत. २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजची भाडी कशी भडकली ते सर्वांनी पाहिले. डीजीसीएने कंपन्यांना भाडी आवरायला आणि विमाने वाढवायला सांगितले, ते गर्दी उसळल्यानंतर. आपल्याकडे वेळ आहे. स्नानांच्या आगेमागच्या ठरावीक दिवसांपुरती मर्यादा आत्ताच जाहीर व्हावी, म्हणजे कंपन्याही त्या हिशेबाने जादा विमाने आखतील. ओझरबरोबर शिर्डीचाही विचार त्यात हवा, कारण मोठी गर्दी तिकडूनही उतरणार. आपल्या खासदारांनी आणि कुंभमेळ्याच्या यंत्रणेने हे दिल्लीला आत्ताच कळवावे.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. बाजारभावाच्या कोपऱ्यात आठवड्यातून एकदा ओझरचेही भाव छापा. दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू. महिनाभर आधीचा, आठवडाभर आधीचा आणि आदल्या दिवशीचा. दर सोमवारी सकाळी मी ते आकडे आपल्या कार्यालयात पाठवीन. त्याचे शुल्क घेणार नाही.

आपली,
एक तिकीट एजंट, नाशिक रोड